बेगमी : घरच्या कोठीचा इतिहास

रोहिणी नक्षत्र उतरणीस लागून मृगाची चाहूल आली, की कोकण-गोमंतकातील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होत असे. अंगणात वाळत घातलेले सांडगे, पापड आणि कुरडया आत येत. मिरच्या उन्हे खाऊन खडखडीत झालेल्या असत. आमसुलांवर रसाचे शेवटचे पूट चढत असे. पुढे चार महिने ओढेनाले भरून वाटा अडणार आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जाणार, हे लहानथोरांना ठाऊक असे. या तयारीला मराठीत 'बेगमी' असा नेमका शब्द आहे. बेगमी म्हणजे केवळ साठा नव्हे. उद्याच्या अडचणीचा आजच केलेला विचार होय. राज्यांच्या लढाया आणि तह इतिहासाने तपशिलाने नोंदविले. घरच्या कोठीची नोंद मात्र क्वचितच झाली. वस्तुतः समाजाची खरी शक्ती पुष्कळदा त्या अंधाऱ्या खोलीतच साठविलेली असे.

महाराष्ट्रातील या कोठीचा माग फार प्राचीन काळापर्यंत लागतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत तेथे उजेडात आली. घरांच्या आसपास धान्य साठविण्याचे खड्डे सापडले, त्यांपैकी कित्येकांना आतून चुन्याचा लेप दिलेला होता. गावप्रमुखाचे असावे असे एक पाच खोल्यांचे घर आढळले आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार दिसून आले. धान्य ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हा सिद्धान्त तीन हजार वर्षांपूर्वीच रूढ झालेला होता, असे त्यावरून अनुमान निघते.

जमिनीत पेव खणण्याची देशावरील रीत याच परंपरेतील होय. तोंड अरुंद आणि पोट मोठे अशा खड्ड्यात ज्वारी भरून वर माती लिंपली, की धान्य कित्येक महिने सुरक्षित राही. यात चमत्कार काही नव्हता. बंद पेवात धान्याच्या आणि किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत येई व कर्बवायू साठे. त्यामुळे कीड गुदमरून मरे. तोच वायू माणसाचाही जीव घेई. म्हणून पेव उघडल्यावर जाणती माणसे लगेच आत उतरत नसत. आधी पेटता दिवा सोडून तो विझतो की काय, हे पाहत. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे याच युक्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. २००५ च्या महापुराचे पाणी मात्र या जुन्या व्यवस्थेला सोसवले नाही.

घरास जी कोठी, तीच गडास अंबारखाना. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत अंबारखान्याची गणना होत असे. पन्हाळगडावर गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नद्यांची नावे धारण करणारी धान्याची भव्य कोठारे आजही उभी आहेत. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत गडाला पडला होता. तट कितीही भक्कम असले, तरी आत शिधा नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. शिपायाच्या तलवारीची कीर्ती पोवाड्यांनी गायिली. पण त्या तलवारीमागे कोणा कारकुनाने मापून ठेवलेली नाचणी आणि तांदूळही होते, हे विसरून चालणार नाही.

गोमंतकात बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. 'प्रोविमेंतु' या पोर्तुगीज शब्दाचे हे कोकणी रूप. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि त्यास जोडूनच पुरुमेंताची जत्रा भरते. सुकी कोळंबी, खारवलेली मासळी, मीठ, चिंच, मिरची, कांद्याच्या माळा, गूळ आणि आमसुले यांची तेथे खरेदी होते. फेस्त ख्रिस्ती असले, तरी पाऊस सर्वांचा सारखाच. म्हणून शेजारची हिंदू कुटुंबेही त्याच बाजारात बेगमी भरीत आली.

या कोठीतील जिनसांचे मूळ पाहिले, तर तीत जगाचा भूगोल सामावलेला दिसतो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात, हिंदुस्थानात हिंगाचा वापर औषधात आणि स्वयंपाकात सर्वत्र होतो, असे नमूद केले आहे. तो हिंग इराण-अफगाणिस्तानाकडून येई. मिरची तर अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात या किनाऱ्याला लागली. तत्पूर्वी तिखटपणाची भिस्त मिरी आणि सुंठ यांवर होती. परदेशातून आलेली ही पाहुणी दोन-तीन शतकांत अशी घरची झाली, की तिच्यावाचून मराठी मसाल्याची कल्पनाच आज करवत नाही.

साठविण्यापेक्षाही मोठी कला होती ती वेळ वाचविण्याची. भाजणी, मेतकूट, कुळथाची पिठी आणि वर्षाचा मसाला या चार वस्तू डब्यात असल्या, की अवेळी आलेला पाहुणा असो वा शेतावरून परतलेली घरधनीण असो, पान घटकेत वाढले जाई. भाजल्यामुळे धान्यातील ओल उडून जाते, किडीची अंडी मरतात आणि पदार्थ लवकर शिजतो. लोणच्यातील मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि वरचा तेलाचा थर हवेला अटकाव करतो. तूरडाळीला एरंडेल चोळणे, बियाण्यात राख कालविणे, तांदळात कडुनिंबाचा पाला घालणे, या साऱ्या युक्त्या अनुभवाच्या शाळेत सिद्ध झाल्या होत्या. अठराव्या शतकात मराठी कुटुंबे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावली. भोवतालचा बाजार बदलला, धान्य बदलले. तरी गोडा मसाला आणि मेतकूट यांनी त्या घरांची मराठी चव राखली.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. बेगमी करण्यास सुगीच्या वेळी हाती पैसा लागतो. ज्याच्यापाशी तो नव्हता, त्याला स्वस्ताईत धान्य विकावे लागे आणि पावसाळ्यात तेच सावकाराकडून सवाई-दिढीने उचलावे लागे. एक मण घ्यावे आणि सुगीस दीड मण फेडावे, असा हा व्यवहार. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात रिकाम्या कणग्यांचा अर्थ काय, हे दख्खनने भोगले. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि कोठीची जागा शिधापत्रिकेने घेतली. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर वाटलेली सुकडी ही कित्येक कुटुंबांची एकमेव बेगमी ठरली. शिवाय ही सारी शिल्लक ज्या हातांनी निवडली, पाखडली, कांडली आणि दळली, त्या हातांना मजुरी कधी मिळाली नाही. या दृष्टीने १९५९ सालची एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वर्षी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग आरंभिला. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. युगानुयुगे घरात फुकट झालेल्या कामाला तेथे मोल आले.

आज चोवीस तास दुकाने उघडी असतात, नोकरी करणाऱ्या स्त्रीला उखळ-मुसळाची सक्ती उरलेली नाही, आणि हे इष्टच झाले. परंतु २०२० च्या टाळेबंदीत बाजार ओस पडले, तेव्हा डाळ-तांदूळ, पोहे, बेसन आणि लोणच्याची बरणी यांचे महत्त्व शहरांनाही नव्याने उमगले. त्याच वेळी पायी निघालेल्या मजुरांपाशी चार दिवसांचाही शिधा नव्हता, हेही देशाने पाहिले. बेगमीचा इतिहास शेवटी हेच सांगतो की, भरलेली कोठी हे शहाणपणाचे लक्षण खरे. पण ज्या समाजात प्रत्येकाला ती भरता येते, तोच समाज संकटाच्या पावसाळ्यातून सुखरूप पार पडतो.