भुईला भार

‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण कुणीतरी सेवानिवृत्त शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवूनच रचली असावी. निदान आमच्या घरात तिचा वापर त्याच अंगानं होत असे. पण चिरंजीवांनी दारात चारचाकी आणून उभी केली आणि ती म्हण माझ्यावरून उठून गाडीवर जाऊन बसली. वजन हजार किलो, खायला पेट्रोल आणि आठवड्यातले पाच दिवस जागचं हलायचं नाही! आता हा भार पेलायला घराच्या बाजूला एक खोली उठवली. भिंती झाल्या, पत्रा चढला, आणि प्रश्न आला खाली काय घालायचं याचा. “तुम्ही दिवसभर घरीच असता, तेवढं बघा,” असं म्हणून ते खातं माझ्याकडे देण्यात आलं.

पहिली अडचण नावाची. जुन्नरात कुणाला ‘गॅरेजची फरशी’ म्हणालात, तर तो तुम्हाला स्टँडजवळच्या मेकॅनिककडे नेऊन सोडेल. गॅरेज म्हणजे जिथं गाडी आजारी पडल्यावर जाते ती जागा. ती धडधाकट असताना जिथं राहते, त्या जागेला आपल्या भाषेनं अजून बारसंच केलेलं नाही. साहजिकच आहे. 1983 सालच्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली. त्याआधी फियाट नाहीतर अँबॅसेडर, आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडीची खोली असायची ती डॉक्टरांकडे, नाहीतर पुढाऱ्यांकडे. बाकीच्यांच्या दारात बैल. आणि बैलांच्या खोलीला मात्र नाव होतं, भुई होती आणि त्या भुईमागे शास्त्रही होतं.

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला फरशी निवडायला सांगितली, की तो दुकानाऐवजी दोन हजार वर्षं मागं जातो. मीही गेलो. फार लांब जायचं नव्हतं म्हणा. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्रीला गिरिजात्मज बसला आहे ते सातवं लेणं बघा. पन्नास फुटांहून मोठा चौक आणि मध्ये एकही खांब नाही. आपण सगळे मान वर करून छताचं कौतुक करतो. मी खाली बघतो. लेणं कोरायला घेतात ते छतापासून, आणि कोरत खाली येतात. म्हणजे तिथली भुई कुणी बसवलेली नाही. सगळं कोरून झाल्यावर जी उरली ती भुई. सांधा नाही, पोकळी नाही, सिमेंटचा खर्च नाही. शिवनेरीच्या लेण्यांत तर एक ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या यवनानं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसानं, भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. कुठला कोण माणूस जुन्नरला येतो काय, आणि चार माणसांना मांडी घालून जेवता येईल अशी भुई करून देतो काय! जुन्नरच्या भुईवर पहिला विचार पंगतीचा झाला, ही नोंद मी वहीत करून ठेवली.

पण अख्खा डोंगर कोरून गाडी ठेवणं आमच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. तेव्हा मी लेण्यांतून खाली, गोठ्यात उतरलो.

गोठ्याची भुई ज्यानं कुणी पहिल्यांदा ठरवली, तो थोर माणूस. काळ्या दगडाची फरसबंदी, पण दगड मुद्दाम खरबरीत, म्हणजे खूर सरकायचा नाही. दावणीकडून मागं हलकासा उतार, म्हणजे ओल साचायची नाही. मागं नाली आणि नालीच्या तोंडाशी खड्डा. वरून भार चारशे-चारशे किलोचा, तोही चार खुरांवर. आता बैलाच्या जागी मोटार उभी करा. भार आहे, ओल आहे, फक्त गोमूत्राऐवजी ऑइल गळतं. प्रश्नपत्रिका तीच, विद्यार्थी तेवढा बदललेला. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणतात. गाडीचं अंगण मात्र वाकडंच हवं. दहा फुटांना दीड-दोन इंच उतार नसेल, तर पावसाळ्यात गाडी डबक्यात उभी.

दुसरा धडा खळ्याचा. मुरूम-माती टाकायची, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायची, वरून बैल फिरवायचे आणि मग शेणानं सारवायचं. माती वाळली की आक्रसते आणि भेगाळते. शेणातले बारीक तंतू तिला धरून ठेवतात, धूळ दाबून बसवतात. ही भुई टिकाऊ नव्हती बरं का! दर आठवड्याला हात फिरवावा लागे. पण बिघडली तर घरच्या बाईला अर्ध्या तासात नीट करता येई.

मग आली शहाबादी. सोलापूरच्या पलीकडे, आता कर्नाटकात असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड रेल्वेनं मराठी मुलखात पसरला. जुन्नर-आंबेगावला रेल्वे नाही, म्हणून इथं तो ट्रकमधून आला. पण आला तो घरचाच होऊन गेला. थंड, गंभीर, मोठ्या काकांसारखा. एकच खोड: आंबट चालत नाही. लिंबू, चिंच किंवा बॅटरीतलं ॲसिड सांडलं की कायमचा डाग. त्याचा राजस्थानी भाऊ कोटा, त्याचीही तीच तक्रार. शहरात 1922 पासून सिधवांची भारत टाइल्स निघाली. परदेशी लाद्यांना देशी उत्तर म्हणून काढलेल्या त्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या मुंबईच्या जुन्या घरांत अजून दिसतात. स्वदेशीचं व्रत लोकांनी नुसतं अंगावर घेतलं नाही, पायाखालीही घेतलं.

एवढी तयारी करून मी दुकानात गेलो. तिथल्या मुलानं एक चकचकीत टाइल उभी धरली.

“काका, आरशासारखी दिसेल.”

“बाळ, गाडीला आधीच तीन आरसे आहेत,” मी म्हणालो.

त्यानं ते मनावर घेतलं नाही. या टाइलखाली मसाला नीट भरला नाही आणि पोकळी राहिली, तर गाडीचं चाक बरोब्बर तिथंच येतं आणि कोपरा उडतो. शिवाय ती ओली झाली की तिच्यावर उभं राहणं ही सर्कस. आमच्या शेजारच्या आजी अशाच एका झगझगीत फरशीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत, आणि वर्षाच्या आत गेल्या. घरच्यांनी फरशी बदलली नाही. तिच्यावर सतरंजी टाकली.

चिरंजीवांचा आग्रह इपॉक्सीचा. फोनवर त्यांनी चित्रफीत दाखवली. कुण्या परदेशी माणसाचं गॅरेज आमच्या दिवाणखान्यापेक्षा स्वच्छ होतं. वस्तू वाईट नाही. कारखान्यांतून उत्तम चालते. पण खालचं काँक्रीट निदान अठ्ठावीस दिवस मुरलेलं आणि कोरडं लागतं. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवायचा. खाली दव धरलं, तर त्या भुईला इपॉक्सी नको. आमच्या भुईला आषाढात खालून घाम फुटतो. तो वरचा थर पापडासारखा उचलतो, आणि तापलेलं टायर उरलासुरला सोलून काढतं.

इतकं झाल्यावर मी आईला विचारलं. तिचं वय चौऱ्याऐंशी आणि माहेर आंबेगाव. म्हणजे तालुका नव्हे, ज्यानं तालुक्याला नाव दिलं ते मूळ गाव. डिंभे धरण झालं आणि घोड नदीच्या पाण्याखाली ते गेलं. आता आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे आणि आंबेगाव फक्त कागदावर. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात. एका मे महिन्यात याच गाडीतून तिला घेऊन गेलो होतो. तिनं चपला काढल्या, गाळ पायानं बाजूला केला आणि एका दगडावर उभी राहून म्हणाली, “ही आमची ओसरी.” मी विचारलं, कशावरून? म्हणाली, “या दगडाला खोलगट आहे. वडील इथंच बसायचे.” गाव उठताना माणसांनी वासे नेले, दारं नेली, कौलं नेली. भुई तेवढी नेता येत नाही.

तर तिला विचारलं, गाडीखाली काय घालू? ती म्हणाली, “गाडीचं मला काय सांगतोस? मला तिथं बसता आलं पाहिजे.”

आणि खरंच की! आमच्या भागात गाडीची खोली गाडीला मिळते किती दिवस? लसूण आला की गाडी बाहेर. शेंगा आल्या की बाहेर. कुरडया, पापड, साखरपुड्याची पंगत, सगळ्याला तीच जागा.

मिस्त्रींना सांगितलं, साधा कोबा करा. त्यांचा चेहरा पडला. “गुरुजी, चुलत्यांनी तुमच्या टाइल टाकली आणि तुम्ही कोबा?” मी म्हटलं, कोबाच, पण नीट. मुरूम भिजवून धुम्मस, त्यावर दगडाचं सोलिंग, चार इंच काँक्रीट, दाराकडे उतार. ते घोटून गुळगुळीत करायचं नाही. ओलं असतानाच त्यावरून आडवा झाडू ओढायचा, म्हणजे पायाला आणि टायरला धर मिळतो. मध्ये मध्ये खाचा ठेवायच्या. काँक्रीट तडकणारच, तर आपण सांगू तिथं तडकू दे. मग मातीची आळी घालून दहा दिवस पाणी कोंडायचं, आणि चार आठवडे गाडी बाहेर. शोभा म्हणाल तर भिंतीच्या कडेनं दोन फूट रुंद, पॉलिश न केलेली शहाबादीची पट्टी. आई तिथून चालते.

झाडू ओढून झाला आणि तासाभरात गल्लीतलं कुत्रं त्यावरून तिरकं चालत गेलं. चार पावलं स्पष्ट उमटली. मिस्त्री थापी घेऊन धावले. आई म्हणाली, “राहू द्या.” ती पावलं आहेत अजून. सध्या आई त्यांच्या शेजारीच पाट टाकून लसूण निवडते आहे, आणि गाडी बाहेर पावसात भिजते आहे. चिरंजीव शनिवारी पुण्याहून आले की छत्री घेऊन तिची चौकशी करून येतात.