डावं की उजवं?

विमानात खिडकीजवळची जागा मिळाली की आपण पंखाकडे बघत बसतो. समजा, त्या पंखाखालच्या इंजिनातून ज्वाळा निघताना दिसल्या आणि त्याच वेळी कॅप्टन स्पीकरवरून सांगू लागला, की बिघाड दुसऱ्या बाजूच्या इंजिनात होता आणि ते आता बंद केलं आहे; तर आपण काय करू? मी तरी गप्पच बसेन. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं मनाशी म्हणेन. ८ जानेवारी १९८९ च्या रात्री इंग्लंडच्या आकाशात काही माणसं अशीच गप्प बसली.

त्या रविवारी ब्रिटिश मिडलंड कंपनीचं बोइंग ७३७-४०० लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. आत १२६ माणसं. उड्डाणाला जेमतेम तेरा मिनिटं झाली होती. २८ हजार फुटांवर विमान अचानक थरथरू लागलं आणि जळका वास कॉकपिटपर्यंत आला. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं होतं. कॅप्टनने विचारलं, कोणतं इंजिन? सहवैमानिक 'लेफ्ट' म्हणता म्हणता अडखळला आणि 'राइट' म्हणाला. केबिनमधली हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून येते, अशी कॅप्टनचीही समजूत होती. धूर केबिनकडून येतोय, म्हणजे दोष उजवीकडे, हा हिशेब त्याला पटला. उजव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला गेला.

आणि थरथर थांबली!

सगळा घोटाळा झाला तो इथेच. इंजिनांना आपोआप इंधन पुरवणारी ऑटोथ्रॉटल नावाची यंत्रणा त्याच वेळी बंद केली गेली होती. त्यामुळे दुखावलेल्या डाव्या इंजिनाकडे जाणारं जादा इंधन घटलं आणि ते तात्पुरतं शांत झालं. वैमानिकांना वाटलं, औषध लागू पडलं. चुकीच्या उपायाने ताप उतरला, की निदान बरोबर होतं अशी आपली खात्री पटते, तसंच हे. मग उजवं इंजिन पूर्ण बंद करण्यात आलं.

विमानाने धोक्याची सूचना दिली नव्हती असं नाही. डाव्या इंजिनाच्या कंपमापकाचा काटा टोकाला जाऊन तिथे जवळपास तीन मिनिटं राहिला होता. पण हा काटा म्हणजे तबकडीच्या कडेने फिरणारा एक बारीक प्रकाशठिपका. शिवाय जुन्या विमानांतले कंपमापक बेभरवशाचे, म्हणून वैमानिकांना त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडलेली. नव्या विमानातला मापक भरवशाचा होता, पण हे मनावर ठसावं असं प्रशिक्षणात काही नव्हतं. ७३७-४०० चा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता. या प्रकारच्या विमानावरचा कॅप्टनचा अनुभव होता अवघा २३ तासांचा.

विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे वळलं. नेमकं काय काय घडलं, याची उजळणी कॅप्टनने मध्येच सुरू केली होती. तेवढ्यात रेडिओवरून नियंत्रण कक्षाचा संदेश आला आणि ती अर्धवट राहिली. पुढे सहवैमानिक नव्या विमानतळाची माहिती संगणकात भरण्याची खटपट करत राहिला. मागे केबिनमध्ये अनेक प्रवाशांनी आणि तीन कर्मचाऱ्यांनी डाव्या बाजूच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. कॅप्टन 'उजवं' म्हणाला तेव्हा प्रवासी बुचकळ्यात पडले, पण उठून कोणी विचारलं नाही.

धावपट्टी अडीच मैलांवर आली. उतरण्यासाठी पुन्हा शक्ती वाढवली आणि जखमी डावं इंजिन कोसळलं. उजवं सुरू करायला वेळच उरला नव्हता. केगवर्थ गावाजवळ विमान आधी शेतात टेकलं आणि मग एम-वन महामार्ग ओलांडून पलीकडच्या चढावर आदळलं. धावपट्टी तिथून जेमतेम एक किलोमीटरवर होती. त्या क्षणी विमानाच्या वाटेत एकही मोटार नव्हती. ४७ माणसं गेली, ७९ वाचली. चौकशीत उजवं इंजिन तपासलं, तर त्यात दोष नव्हता!

दोष मूळ इंजिनातही होताच. याची वाढीव शक्तीची आवृत्ती प्रत्यक्ष उड्डाणात पुरेशी तपासलेली नव्हती. विशिष्ट उंचीवर पूर्ण शक्तीवर असताना तिची पाती फडफडत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दोन विमानांत पुन्हा पाती तुटली, तेव्हा हे ध्यानात आलं. दोन्ही वैमानिकांना मात्र नोकरीतून काढण्यात आलं. त्यांची चूक होती, यात वाद नाही. पण काटा इतका बारीक करणारे, प्रशिक्षण एका दिवसाच्या ध्वनिचित्रफितींवर भागवणारे आणि इंजिन कागदावर पास करणारे, यांची नावं कोणाच्या लक्षात राहिली?

१९९० च्या चौकशी अहवालात ३१ शिफारशी होत्या. वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांमधला समन्वय सुधारण्याचं प्रशिक्षण द्यावं, ही त्यांतली एक. विमानाच्या बाहेरचं दृश्य कॉकपिटमध्ये दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा विचार व्हावा, असंही त्यात होतं. अपघाताच्या वेळी शरीर कसं वाकवून बसावं, याचा नव्याने अभ्यास झाला तो या अपघातातल्या जखमांवरूनच.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या एका ट्रान्सएशिया विमानात उजव्या इंजिनाचा इशारा आला. कॅप्टनचा हात डाव्या थ्रॉटलवर गेला. चूक कळली, पण विमान तोवर नदीवर उतरत आलं होतं. ५८ पैकी ४३ माणसं गेली.