हाताने शिवलेली वही

वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडली की आपण मढच्या धक्क्यावर उतरतो. गावाच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून एक किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला फेब्रुवारी १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, मराठ्यांनी घेतला. त्या मोहिमेतील पत्रे पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही वाचता येतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हाच ते कागद दोनशे वर्षांचे होत आले होते.

याच मढमध्ये मुलांबरोबर भरती-ओहोटीची निरीक्षणे घेताना आम्ही बाजारातील वह्या वापरल्या. एका पावसाळ्यात त्यांच्या पिना खाऱ्या हवेने गंजल्या आणि मधली पाने सुटली. मोहिमेच्या धामधुमीत लिहिलेला कागद अडीचशेहून अधिक वर्षे टिकतो आणि आमची वही वर्षभरही टिकत नाही, असे का?

याचे उत्तर शोधताना प्रथम कागदाकडे वळावे लागते. मराठी मुलखात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला मोठा मान होता. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर या धंद्याच्या नावानेच ओळखले जाते. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी तेथे हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर आले अशी परंपरा आहे. चिंध्या, जुने दोर, गोणपाट असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटून त्याचा लगदा करायचा, गवती चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि तो भिंतीवर वाळवायचा, अशी ही रीत होती. मग कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे.

यातील चुना फार महत्त्वाचा. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचे जाळे. आम्लाच्या सान्निध्यात या साखळ्या तुटतात. उष्ण आणि दमट हवेत त्या अधिक वेगाने तुटतात. चुन्याचा अंश कागदात राहिला तर तो आम्लाचे उदासिनीकरण करतो. शिवाय शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने विटत नाही आणि कागदालाही खात नाही. कारागिरांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण काय टिकते हे त्यांना अनुभवाने कळले होते.

युरोपात १८०७ साली मोरिट्झ इलिग याने राळ आणि तुरटी वापरून कागदाला खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद आला. कागद स्वस्त झाला, शाळाशाळांत पोहोचला, ही मोठीच गोष्ट. पण तुरटीमुळे त्यात आम्ल आले. त्या काळातील पुष्कळ पुस्तके हात लावताच मोडतात, ती यामुळेच. आज अनेक कारखाने कॅल्शियम कार्बोनेट घालून आम्लविरहित कागद करतात. म्हणजे चुन्याचाच भाऊबंद परत आला!

आता शिवणीकडे वळू. कारखान्याची वही येण्यापूर्वी हिशेबाची बही घडी घालून, शिवून, लाल खारव्यात बांधली जाई. दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला बाइंडर जुज म्हणतात, आणि जुजे एकमेकांना दोऱ्याने जोडणे म्हणजे जुजबंदी. जुजातील एक पान फाडले की त्याचे जोडीदार पान सैल होते. चोरी लपत नाही! रोजकीर्दीवर भरवसा ठेवता येतो, त्यात या शिवणीचाही वाटा आहे. प्रयोगशाळेत सुट्या कागदांऐवजी बांधलेली वही वापरतात, तेही याच कारणाने.

येथे मायकेल फॅरडेची आठवण होते. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकत होता. १८१२ साली त्याने हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, टिपणे सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, सारे स्वतः बांधले आणि डेव्हीला पाठवून दिले. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्याच्या दैनंदिनीत २९ ऑगस्ट १८३१ या तारखेखाली नोंदलेला आहे. फसलेले प्रयोगही त्याने तितक्याच काळजीने लिहिले.

आणि आपली जर्नले? आम्ही विद्यार्थी असताना लोलकाची निरीक्षणे आदल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवली होती, आणि त्यावर सहीही मिळाली होती. छापील जर्नलात आकृती तयार, निष्कर्ष तयार. मोकळे असतात ते फक्त आकड्यांचे रकाने. ते कोठून तरी भरायचे, एवढेच उरते. चूक केवळ मुलांची नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. वर्षारंभी एक तास द्यावा. चार-चार कागद एकत्र दुमडून जुजे करावीत, घडीवर टोच्याने पाच भोके पाडावीत, दाभणाने सुती दोरा ओवावा. पुठ्ठा मैद्याच्या खळीने चिकटवावा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड लागत नाही. पण तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. पानांना आधीच क्रमांक घालावेत. चुकले तर एक रेघ मारावी, पान फाडू नये.

मढला आम्ही अशा वह्या शिवल्या, तेव्हा घरी जाळी दुरुस्त करणाऱ्या मुलांनी आमची गाठ सोडवून अधिक पक्की गाठ मारून दाखवली. त्या वह्यांत ओहोटीच्या वेळा लिहिल्या गेल्या. एका मुलीचे एक निरीक्षण तक्त्याशी जुळेना. तिने ते खोडले नाही. शेजारी तिने लिहिले होते, ‘उद्या पुन्हा पाहणे’.