पंपाची मोटर: एसी घ्यावी की डीसी?
फोन व्हायब्रेट करणारी इवलीशी मोटर डीसी असते. आंबागडकडे धानाच्या बांधीत पाणी सोडणारी थ्री-फेज मोटर एसी. चांगली कोणती, हे वीज कुठून येते त्यावर ठरतं.

थ्री-फेज इंडक्शन मोटरमध्ये ना ब्रश, ना कम्युटेटर. त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालते, आणि जळलीच तर रिवाइंडिंग करून पुन्हा उभी राहते. दुखणं आहे व्होल्टेजचं. तिचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज २० टक्के पडलं की टॉर्क तब्बल ३६ टक्के घटतो! मग मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. रोवणीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू असतात, तेव्हा ही भीती जास्त. थेट लाइनवर वेगही ५० हर्ट्झला बांधलेला: दोन पोलची मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या जरा खालीच फिरते.

ब्रशवाल्या डीसी मोटरला सुरुवातीचा जोर भरपूर, पण कार्बन ब्रश झिजतात. पंपासाठी ती विसरा.

बीएलडीसीत ब्रशच नाहीत. रोटरवर कायमचे चुंबक असल्याने वीज कमी लागते. सोलर पॅनेलही डीसीच देतं, त्यामुळे जोडी जमते. ढग आले तरी हळूहळू का होईना, पाणी येतं. (एसी मोटरचे सौर पंपही असतात, त्यांना पॅनेलच्या डीसीची एसी करणारा व्हीएफडी लागतो.) मात्र बीएलडीसीचा कंट्रोलर उडाला की गावातला मेकॅनिक हात टेकतो.

माझं मत: लाइनवर थ्री-फेज एसी, सौरवर बीएलडीसी. पण विकत घेण्याआधी विचारा, कंट्रोलर बदलायला माणूस किती दिवसांत येईल?