जुना फोनो घेण्याआधी

कृषी पर्यटनाच्या ओसरीवर जुना फोनो, म्हणजे ग्रामोफोन, ठेवावा असं काही गटांच्या मनात येतं. पितळी कर्ण्याची भूल पडतेच. पण गटाचा पैसा घामाचा. म्हणून आज फोनोचा इतिहास ऐकू या. तो ठाऊक असला की विकणाऱ्याचं बोलणं पारखता येतं.

१८७७ साली अमेरिकेत एडिसनने आवाज साठवणारं यंत्र केलं. त्यात नळकांडं फिरे. दहा वर्षांनी बर्लिनरने चपटी तबकडी आणली. एका साच्यातून तिच्या पुष्कळ प्रती निघत. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. कित्येक गवई या यंत्राला बिचकत असताना बायका पुढे आल्या. तासभर रंगणारा राग त्यांनी तीन मिनिटांत बसवला, कारण एका बाजूवर तेवढंच मावे.

या तबकड्या लाखेच्या. बांगड्यांना लागते तीच लाख. म्हणून त्या हातातून पडल्या की फुटतात. स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते. मऊ कोरडं फडकं पुरे.

आता फोनो पारखू. चावी भरा आणि एक अख्खी बाजू वाजवून ऐका. मध्येच गती मंदावली तर स्प्रिंग थकली आहे. बहुतेक लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. पोलादी सुई एका बाजूपुरतीच. झिजलेली सुई तबकडी खरवडते, म्हणून सुयांचा खर्चही हिशेबात धरा. १९४८ नंतर आलेल्या प्लास्टिकच्या एलपी या फोनोवर लावू नका, जड सुईने त्या कापल्या जातात.

आणि कर्णा? १९०६ पासून कर्णा पेटीत लपवलेली यंत्रं निघाली, पुढे बॅगेसारखे फोनो आले. आज अशाच जुन्या यंत्रांचे सुटे भाग जोडून, वर नवा पितळी कर्णा बसवून, ‘शंभर वर्षांचा’ म्हणून विकतात. पेटीवर कुत्र्याचं चित्र असलं म्हणून फोनो जुना ठरत नाही. लाकूड नवं, स्क्रू नवे, कर्णा लखलखीत, तर किंमत शोभेच्या वस्तूची द्या, जुन्या यंत्राची नको.

शेवटचं सांगणं. बाजारात जाण्याआधी घरचा माळा पाहा. तिथल्या तबकड्या भंगारवाल्याला किलोवर घालू नका. गोव्याच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेला. त्यांच्या काळच्या कितीतरी गायिका मात्र आज फक्त या तबकड्यांवर उरल्या आहेत. एखादीची शेवटची तबकडी आपल्याच माळ्यावर असू शकेल. लेबलवरचं नाव वाचा, वहीत उतरवा, तबकडी उभी ठेवा. मग सवडीने फोनो शोधू.