विहिरीवरचं इंजिन ते टर्बोची पाती

बारामती आणि इंदापूर तालुक्यांना डिझेल इंजिनाची ओळख झाली ती विहिरीच्या काठावर. गाड्या बऱ्याच नंतर आल्या. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला, कोरडवाहू रानाला पाटाचं पाणी मिळालं आणि ऊस उभा राहू लागला. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. पाट जिथं पोहोचत नव्हता तिथं विहिरीवर मोट होती. मोटेची जागा हळूहळू ऑइल इंजिनाने घेतली.

ही इंजिनं दूरची नव्हती. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिन तयार झालं होतं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, आणि त्यांचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. किर्लोस्करांचं ‘एव्ही-वन’ हे ५ अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेरे घेणारं एका सिलिंडरचं इंजिन पुढे शेताइतकंच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही ओळखीचं झालं.

या इंजिनावर ताबा होता तो गव्हर्नरचा. डी-कॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारायचं, वेग आला की खटका सोडायचा. एवढं झालं की माणसाचं काम संपलं. फेरे वाढले की गव्हर्नरची वजनं बाहेर फाकत आणि डिझेल कमी करत. पंपाचा भार वाढून फेरे पडले की स्प्रिंग डिझेल वाढवी. हवेकडे मात्र कुणी बघत नव्हतं. पिस्टन जेवढी ओढेल तेवढी हवा आणि त्या हवेला झेपेल तेवढंच डिझेल. १९९०च्या दशकाअखेरीस बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी ॲपे तयार होऊ लागली. तिचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिनही टर्बोविना, याच हिशेबाने चालणारं होतं.

हवा कोंबून भरायची कल्पना मात्र जुनी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ सालीच धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं पेटंट घेतलं होतं. साध्या टर्बोची अडचण अशी की चाक मोठं घेतलं तर खालच्या फेऱ्यांना गाडी मरगळते, लहान घेतलं तर वरच्या फेऱ्यांना धूर तुंबतो. त्यावर उपाय म्हणून टर्बाइनच्या चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं आलं. बागेला पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. पाती मिटली की धूर तसाच अरुंद फटीतून जोराने चाकावर आदळतो. फेरे वाढले की पाती उघडायची आणि वाट मोकळी करायची. हाच व्हीजीटी, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो.

महाराष्ट्रात हे तंत्र मोठ्या गाड्यांतून आलं. टाटांच्या सफारीत २.२ लिटरचं व्हीटीटी डायकॉर इंजिन २००७ साली आलं, नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओत एमहॉक २००८ साली. पुणे जिल्ह्यातच, रांजणगावला, फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन दोन्ही रूपांत बनलं: साध्या टर्बोचं ७५ अश्वशक्तीच्या आसपासचं आणि व्हीजीटीचं ९०च्या आसपासचं.

पात्यांवरचा ताबा आता संगणकाकडे गेला. अनेक इंजिनांत व्हॅक्यूम पंपाची ओढ एका विजेच्या झडपेतून ॲक्चुएटरपर्यंत जाते आणि त्याचा दांडा पाती मिटवतो. व्हॅक्यूम गेला की पाती उघडी राहतात, म्हणजे इंजिन बचावतं, पण पिकअप जातो. रबरी पाइपला चीर पडली तरी लक्षण हेच. काजळीने पाती मिटलेल्या अवस्थेत अडकली, तर उलट हवेचा दाब वाजवीपेक्षा चढतो आणि संगणक ताकद छाटतो.

संगणक नसलेल्या जुन्या इंजिनावर असा टर्बो बसवायचा तर गोष्ट पुन्हा स्प्रिंगवर येते. स्प्रिंग पाती मिटलेली धरते. टर्बोने भरलेल्या हवेचा दाब ॲक्चुएटरच्या पडद्यावर येऊन ती उघडतो. जोडणी सोपी आहे, पण या स्प्रिंगला फक्त हवेचा दाब कळतो, चालकाचा पाय कळत नाही. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी चालली की दाब कमीच राहतो, पाती मिटलेलीच राहतात, धुराला वाट मिळत नाही आणि इंजिन विनाकारण तुंबलेल्या धुराशी झगडत डिझेल खातं. चढाला स्प्रिंग ताठ पडली तर टर्बोचे फेरे मर्यादेबाहेर जातात. संगणक भार, फेरे आणि दाब एकत्र बघतो. विहिरीवरच्या गव्हर्नरला एवढं बघावंच लागत नव्हतं, कारण त्याच्याकडे सांभाळायला फक्त डिझेल होतं.

म्हणून जुन्या इंजिनाला असा टर्बो लावणाऱ्याने भरलेल्या हवेच्या दाबाबरोबर टर्बाइनच्या आधीचा धुराचा दाब आणि त्याचं तापमानही मोजावं. धुराचा दाब हवेच्या दाबापेक्षा फार वर राहत असेल, तर स्प्रिंगचा ताण बदलायला हवा. आणि तयार व्हीजीटी गाडीचा पिकअप गेला असेल, तर नवा टर्बो मागवण्याआधी मिस्त्रीला व्हॅक्यूमचे पाइप तपासायला सांगावं.