नंदुरबारला लावलेला फोन

उंधियूत पडणारी पापडी कतारगामचीच हवी, असा जुन्या सुरतकरांचा आग्रह असे. तापीकाठच्या या गावाची ख्याती एके काळी त्या पापडीच्या वाड्यांमुळेच होती. पुढे सुरत शहर पसरले आणि कतारगाम त्याच्या पोटात आले. वाड्यांच्या जागी हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे राहिले, औद्योगिक वसाहतीत मागांचा खडखडाट सुरू झाला आणि सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांनी चाळी व सोसायट्या भरून गेल्या. सुरतेतील मराठी माणसांची दाट वस्ती पाहावयाची तर उधना, लिंबायत, दिंडोली या बाजूस जावे लागते. ही माणसे बहुतांशी खानदेशातील, तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने आलेली. कामाच्या ओढीने त्यांतील काही घरे कतारगामातही स्थिरावली.

अशा एखाद्या चाळीत शेजारी शेजारी राहणारी दोन बिऱ्हाडे डोळ्यांपुढे आणावीत. एकाचे गाव अमरेलीकडे, खंभातच्या आखाताला वळसा घालून सडकेने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. दुसऱ्याचे नंदुरबारकडे, आगगाडीने जेमतेम एकशेसाठ किलोमीटरांवर. दोघांचीही म्हातारी माणसे गावी आहेत आणि दोघांनाही आठवड्यातून एकदा त्यांचा आवाज ऐकावयाचा आहे. सामान्य हिशेबाने पाहता नंदुरबारचा फोन स्वस्त पडावयास हवा होता. प्रत्यक्षात मोबाइल फोन आल्यानंतर कित्येक वर्षे तो महाग पडत राहिला. हे असे का झाले, हे समजून घेतले म्हणजे फोनची कंपनी, योजना आणि हँडसेट यांची निवड सुरतेतील मराठी घरांत कशी होत आली, याचा उलगडा होतो.

मोबाइलच्या पूर्वीचा काळ फार लांबवण्याचे कारण नाही. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहण्याचे दिवस होते, ते नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय आल्यावर हळूहळू संपले. ही सोय देशात प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांमध्ये झाली. १९८० नंतरच्या दशकात गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ उभे राहिले आणि गरिबाच्या हाती फोन प्रथम आला तो तेथे. रात्र चढत जाई तसा दर उतरे आणि शेवटी चौथाईवर येई. म्हणून दिवसभर रिकामे असणाऱ्या बूथपुढे रात्री रांग लागे. त्या काळी दर अंतरावर ठरत असे, त्यामुळे जवळच्या गावाला थोडे पैसे आणि लांबच्या गावाला अधिक, एवढा न्याय तरी त्यात होता. गावाकडे मात्र फोन असे तो दुकानदाराकडे किंवा एखाद्या सधन शेजाऱ्याकडे. त्याने हाक मारावी, म्हातारीने धावत यावे, आणि तोवर इकडे बूथमधल्या यंत्रावरचे आकडे सरकत राहावेत.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतातील मोबाइल सेवेचा आरंभ झाला. आरंभी कमाल दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे असा होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. कोणी आपली आठवण काढली, तर तिचा आकार आपणच भरावयाचा! असा फोन मागवाल्याच्या किंवा हिरे घासणाऱ्याच्या खिशात जाणे शक्यच नव्हते. तो व्यापाऱ्यांच्या आणि दलालांच्या हाती राहिला.

परंतु त्याच वर्षी एक गोष्ट घडली, जिचे परिणाम पुढे या कारागिरांना भोगावे लागले. सरकारने परवाने दिले ते साऱ्या देशाला मिळून दिले नाहीत. डाक-तार खात्याच्या जुन्या प्रशासकीय विभागणीच्या धर्तीवर देशाचे तुकडे पाडले गेले. त्यांना सर्कल म्हणतात. गुजरातचे सर्कल वेगळे, महाराष्ट्र आणि गोवा मिळून वेगळे, मुंबई महानगर आणखी वेगळे. प्रत्येक सर्कलमध्ये आरंभी दोनच कंपन्या. गुजरातेत एक फॅसेल, जिची सेवा सेलफोर्स या नावाने विकली जाई. दुसरी बिर्ला समूह व अमेरिकेची एटी अँड टी यांची. या दुसऱ्या कंपनीकडे महाराष्ट्राचाही परवाना होता. तरीही तिच्या सुरतेतील ग्राहकाने नवापूर ओलांडले, की तो त्याच कंपनीच्या जाळ्यात परका ठरे.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तोपर्यंत सुरत आणि खानदेश एकाच राज्यात होते. त्या दिवशी आखलेली रेघ लोकांच्या ये-जा करण्याला फारशी आड आली नव्हती. नवापूरचे रेल्वे स्थानक तर तिच्यावरच आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तेथील एका बाकावर दोघे जण बसले तर एकाने महाराष्ट्रात आणि दुसऱ्याने गुजरातेत बसावे, असा प्रकार आहे, आणि प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. फोनच्या सर्कलने मात्र त्याच रेघेवर नाके बसवले. रेघेच्या आत राहिले तर एक दर, ओलांडली तर दुसरा. आणि फोन घेऊन स्वतःच पलीकडे गेले तर रोमिंगचा तिसरा. सीमेवरच्या गावांत तर माणूस आपल्या ओट्यावर बसलेला असे आणि त्याचा हँडसेट पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडून मोकळा होई.

योगायोग असा, की फोन खऱ्या अर्थाने गरिबाचा झाला तोही १ मे रोजीच, सन २००३ च्या. त्या दिवसापासून फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, घेणाऱ्याने नव्हे, ही पद्धत लागू झाली. पाठोपाठ पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये आरंभी भरून हँडसेट देण्याची योजना काढली. आपल्याच कंपनीच्या फोनशी बोलताना अंतराचा हिशेब जवळजवळ पुसून टाकणारे तिचे दर होते. परमुलुखात राबणाऱ्याला याहून अधिक काय हवे होते? सुरतेत एक आणि गावी एक, असे दोन हँडसेट घेतले की काम भागत असे.

येथेच हँडसेटचा प्रश्न प्रथम उभा राहिला. इतर कंपन्यांचे तंत्र जीएसएम हे होते. त्यात नंबर सिमकार्डात असे. कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घातले की नंबर तिकडे गेला. रिलायन्सचे, आणि टाटा इंडिकॉमचेही, तंत्र सीडीएमए या प्रकारचे होते. त्यांच्या बहुतेक हँडसेटांत सिमकार्ड नसेच. नंबर यंत्रातच भरलेला असे. कंपनी सोडावी तर यंत्रही सोडावे लागे. स्वस्तात मिळालेला हँडसेट हा वस्तुतः कंपनीने ग्राहकाच्या पायात घातलेला दोर होता, हे पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आले. पुढे ही सेवाच बंद झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस आपले मोबाइलवरील बोलणे थांबवले, आणि ज्यांच्या घरी ती जुनी यंत्रे राहिली त्यांची ती मुलांच्या खेळण्यांत जमा झाली.

जीएसएम घेणाऱ्याची अडचण वेगळी होती. कतारगामच्या त्या दोन बिऱ्हाडांकडे आता पुन्हा वळावे. अमरेलीवाल्याचे कार्ड गुजरातचे, त्याच्या घरचे कार्डही गुजरातचे. त्याचा फोन सर्कलच्या आतला, म्हणून स्वस्त. दिवाळीत तो गावी गेला तरी त्याचा फोन जसाच्या तसा चाले. नंदुरबारवाल्याने गुजरातचे कार्ड घ्यावे, तर गावी बोलताना परगावचा दर आणि गावी गेल्यावर आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे. महाराष्ट्राचे घ्यावे, तर वर्षाचे अकरा महिने सुरतेत रोमिंग. म्हणून लोकांनी आपल्या परीने मार्ग काढले. खिशात दोन कार्डे ठेवून नवापूर येताच गाडीतच कार्ड बदलणारे होते. त्या दशकाच्या अखेरीस दोन कार्डांचे स्वस्त हँडसेट बाजारात आले. मोठ्या शहरातील माणसाला ती गंमत वाटली असेल, पण सीमेवरच्या माणसाची ती गरज होती. आणि सर्वांत स्वस्त योजना म्हणजे मिस्ड कॉल. एकदा घंटी वाजून बंद झाली की सुखरूप पोहोचलो, दोनदा वाजली की उलट फोन कर, असे संकेत घरोघर ठरलेले होते. त्या घंटीचा एक पैसाही कोणत्याही कंपनीला मिळाला नाही. कोट्यवधी माणसांनी न बोलता बोलण्याची ही जी रीत काढली, तिची नोंद कोणत्याही दरपत्रकात सापडणार नाही.

ती रेघ एकदम पुसली गेली नाही, तुकड्यातुकड्याने गेली. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांनी देशात कोठेही मिनिटाला १ रुपया असा दर आणला. खासगी कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदाचा हिशेब सुरू केला. तोवर एकसष्टावे सेकंद लागले की दुसऱ्या मिनिटाचे पैसे पडत, आणि म्हातारी माणसे निरोपाचे शब्द घाईने उरकत. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. पण तीही सर्कलच्या आतच. नंदुरबारचा नंबर सुरतेत आणावयाचा तर आणखी साडेचार वर्षे, ३ जुलै २०१५ पर्यंत, थांबावे लागले. हा विलंब क्षुल्लक वाटेल. परंतु कामासाठी राज्य बदलणाऱ्याचा नंबर बदलला, की मुकादम, सावकार, शाळा, नातेवाईक या सर्वांशी असलेला त्याचा धागा तुटे, आणि तो पुन्हा जोडण्यात महिने जात. रोमिंगचा वेगळा आकार २०१७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी सोडून दिला. तेव्हा कोठे फोनच्या दृष्टीने सुरत आणि नंदुरबार पुन्हा एका मुलुखात आली.

यामागे ५ सप्टेंबर २०१६ रोजी आलेल्या जिओची स्पर्धा होती. बोलण्याला वेगळे पैसे नाहीत, हे तिचे म्हणणे ऐकून लोक हरखून गेले. पण या कंपनीकडे जुने, टूजी नावाचे जाळेच नव्हते. तिचे बोलणेही फोरजीच्या इंटरनेट वाटेने जाई. त्यामुळे तेच तंत्र जाणणारा हँडसेट असेल तरच साधा फोन लागे. नुसता ‘फोरजी’ एवढा शिक्का असलेली पुष्कळ यंत्रे वेगळे ॲप घातल्यावाचून बोलू शकत नव्हती, आणि गावच्या म्हातारीचा बटणांचा फोन तर नाहीच नाही. तरुणांनी सुरतेत कार्ड बदलले. आईकडचा फोन जुन्या कंपनीवरच राहिला. पुढे १,५०० रुपये परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओने बटणांचा फोन काढला. तो मात्र तिच्याच कार्डावर चाले. पंधरा वर्षांपूर्वीचा दोर नव्या रंगात पुन्हा आला होता.

या स्पर्धेच्या वादळात कंपन्या भराभर मोडल्या. एअरसेल, टेलिनॉर, टाटा ही नावे गेली. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. सेलफोर्सचे जुने कार्ड ज्याने जपले, त्याचा फोन पुढे हच, मग व्होडाफोन आणि २०२० नंतर व्हीआय असा नावे बदलत गेला. नंबर तेवढा तोच राहिला. निवडीला दहा-बारा कंपन्या होत्या, त्या तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्यावर आल्या.

आणि मग जुन्या रेघेच्या जागी दुसरी आली, ती मुदतीची. २००५ च्या अखेरीस ‘आजीवन’ कार्डे निघाली होती. एकदा ९९९ रुपये भरा आणि येणारे फोन कायम घ्या, असे त्यांचे आश्वासन होते. हे आयुष्य ग्राहकाचे नसून कंपनीच्या परवान्याचे, असा खुलासा पुढे झाला. २०१८ च्या अखेरीस अशा ग्राहकांनाही दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपये भरणे आले. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाचे तेरा महिने होतात, हे गणित चौथीतील मूलही करील. नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये ३० दिवसांची एक तरी योजना ठेवण्यास सांगितले, ते याचमुळे. मुदत संपण्याचा अर्थ काय, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. काम बंद, दुकाने बंद, आणि रिचार्ज संपला तर घरून येणारा फोनही बंद. मार्चच्या अखेरीस प्राधिकरणाने कंपन्यांना मुदत वाढवण्याविषयी लिहिले, आणि त्यांनी काही दिवस ती वाढवून दिली.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा पुष्कळ ग्राहक सरकारी कंपनीकडे गेले. तिचे दर कमी होते, पण तिचे फोरजी जाळे तेव्हा अपुरे होते. त्याचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. एकदा कंपनी बदलली की ९० दिवस तेथून हलता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक आदेश काढला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलण्याची व संदेशांची योजना ठेवलीच पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत अशा योजना आल्या. बटणांचा फोन वापरणाऱ्या आईसाठी इतकी वर्षे न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग आहे. मात्र अशी योजना कोणत्या कंपनीची घ्यावी, हे ठरवताना कतारगामच्या दुकानात त्याला आधी सांगावे लागते, की आईच्या हातातले यंत्र टूजीचे आहे की फोरजीचे, आणि नंदुरबारजवळच्या त्याच्या गावी कोणाचा टॉवर लागतो.